फाटलेला बंपर घरच्या घरी सांधा

नवा बंपर बसवायचा म्हटले की महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते. पण चीर लहान असेल, तर सुट्टीचा एक दिवस, थोडी चिकाटी आणि हजार-बाराशे रुपयांचे साहित्य एवढ्या भांडवलावर हे काम घरीच होऊ शकते. मात्र कोणत्या चिरेला हात लावायचा आणि कोणत्या चिरेला नाही, हे आधी ओळखता आले पाहिजे.

सोसायटीच्या अरुंद फाटकातून गाडी बाहेर काढताना खांबाला घासते. बाजारात उभ्या केलेल्या गाडीला कोणीतरी धक्का देऊन निघून जाते. कधी पदपथाच्या उंच कडेत गाडीचे नाक अडकते आणि गाडी मागे घेताच बंपर टरकन फाटतो. गाडी व्यवस्थित चालत असते, इंजिनाला काही झालेले नसते. पण ती लोंबणारी कड रोज डोळ्यांत खुपते. गॅरेजमध्ये विचारले तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, ‘नवाच टाकावा लागेल.’

खरे तर तसे नेहमीच नसते. पूर्वी गल्लोगल्ली फिरून प्लास्टिकच्या बादल्या सांधून देणारे कारागीर अनेकांना आठवत असतील. तापवलेल्या सळईने ते बादलीची चीर वितळवत, वरून जुन्या प्लास्टिकचा तुकडा चढवत आणि बादली पुन्हा दोन वर्षे पाणी भरायला लागे. बंपर सांधण्याचे तत्त्वही तेच आहे. प्लास्टिक गोंदाने चिकटवायचे नाही, तर त्याच जातीच्या प्लास्टिकने सांधायचे.

बंपरच्या आड काय असते?

अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना चकचकीत क्रोम चढवलेले धातूचे बंपर असत. आजच्या गाडीत आपल्याला बाहेरून दिसते ते केवळ सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे आवरण. बऱ्याच गाड्यांत त्याच्यामागे धक्का शोषणारा फोमचा किंवा प्लास्टिकचा थर असतो आणि त्याच्याही मागे पोलादाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा आडवा दांडा. टक्कर झाली तर खरा मार झेलतो तो हा दांडा.

म्हणून सर्वप्रथम टॉर्च घेऊन चिरेच्या आत डोकवा. दांडा वाकलेला आहे का? फोम चुरगळला आहे का? दिव्यांचे आधार तुटले आहेत का? बंपर गाडीला जिथे अडकवलेला असतो, ते कान मोडले आहेत का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर घरगुती उपाय करू नका. गाडी जाणत्या कारागिराला दाखवा. बाहेरून सुबक सांधलेल्या बंपरच्या आड वाकलेला दांडा राहिला, तर पुढच्या अपघातात त्याची किंमत गाडीतल्या माणसांना मोजावी लागते. बंपरमध्ये पार्किंगचे सेन्सर किंवा रडार असेल, तर त्याच्या आसपासची चीरही स्वतः सांधू नये.

चीर साधारण वीतभर लांबीची असेल, तुकडे जागेवर असतील आणि आतला सांगाडा शाबूत असेल, तर मात्र खुशाल बाह्या सरसावा.

विम्याचा दावा करावा का?

‘विमा आहे ना, मग कशाला खटपट?’ असे घरातले कोणी तरी म्हणणारच. त्याआधी थोडा हिशेब मांडून पाहा.

साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा धरला जातो. शिवाय प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम मालकाला सोसावी लागते. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी ती १००० रुपये आणि त्यावरील मोटारीसाठी २००० रुपये असते. समजा, बंपरची किंमत ६००० रुपये आहे आणि गाडी १५०० सीसीच्या आतली आहे. घसारा वजा जाता उरले ३००० रुपये आणि त्यातून १००० गेले की हाती आले २००० रुपये. मजुरी आणि रंगकामाचा हिशेब वेगळा.

आता दुसरी बाजू पाहा. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’, पहिल्या वर्षी २० टक्के असते. पुढे ती २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढते. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सवलतीपूर्वी १०,००० रुपये असेल आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोचला असाल, तर एका वर्षातच ५००० रुपयांची सवलत गेली! ‘झिरो डेप्रिसिएशन’ किंवा बोनस सुरक्षित ठेवणारी जोड पॉलिसीला असेल, तर गणित बदलते. म्हणून पॉलिसी एकदा नीट वाचा. अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली असेल किंवा कोणाचे नुकसान झाले असेल, तर मात्र विमा कंपनीला कळवलेच पाहिजे.

प्लास्टिकची जात ओळखा

बंपर फाटला की पहिला हात जातो तो झटपट चिकटणाऱ्या गोंदाकडे, नाहीतर दोन रंगांचे गोळे मळून लावायच्या लुगदीकडे. दोन-चार दिवस सांधा टिकतो आणि पहिल्याच खड्ड्यात सुटतो. यात गोंदाचा दोष नाही. बहुतेक बंपर पॉलिप्रोपिलिनचे असतात आणि या प्लास्टिकच्या गुळगुळीत, मेणचट पृष्ठभागावर कोणताच साधा गोंद नीट धरत नाही. उष्णतेने मात्र ते सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते आणि निवले की पुन्हा घट्ट होते. आपल्या कामाची सारी भिस्त याच गुणावर आहे.

बंपरच्या आतल्या बाजूस प्लास्टिकचे नाव इंग्रजी अक्षरांत उठवलेले असते. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रोपिलिन. त्यापुढे ‘ईपीडीएम’ असेल तर त्यात रबर मिसळलेले आहे आणि ‘टी २०’ म्हणजे २० टक्के शंखजिऱ्याची भुकटी. हे सगळे घरी सांधता येते. ‘एबीएस’ हे वेगळे प्लास्टिक. तेही उष्णतेने सांधते, पण त्याला एबीएसचाच तुकडा लागतो. ‘पीयूआर’ लिहिलेले असेल तर ते मुळीच तापवू नका. ते वितळत नाही, जळते आणि त्याचा धूर विषारी असतो.

अक्षरे सापडली नाहीत, तर आतल्या कडेची छोटी कपची काढून पाण्यात टाका. तरंगली तर पॉलिप्रोपिलिनच्या कुळातली समजा. बुडाली तर मात्र निर्णय घाईने घेऊ नका. शंखजिरे जास्त असलेले पॉलिप्रोपिलिनही बुडते.

लागणारे साहित्य

• ४० ते ६० वॅटचे सोल्डरिंग आयर्न, शक्यतो चपट्या टोकाचे.
• स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी. खिडकीला डासांसाठी लावतात ती चालते, पण ती धातूचीच हवी.
• भरण्यासाठी त्याच जातीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. जुन्या बाजारात मोडक्या बंपरचा तुकडा स्वस्तात मिळतो. नाहीतर तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला जुना डबा घ्या. ती पॉलिप्रोपिलिनची खूण. २ आकड्याचा डबा घेऊ नका, त्याचे प्लास्टिक बंपरशी एकजीव होत नाही.
• ८०, १८०, ३२० आणि ६०० क्रमांकांचे पॉलिश पेपर.
• तीन मिलिमीटरचे ड्रिल, धारदार पाते, चिकटपट्टी, स्क्रू ड्रायव्हर.
• रंगवायचे असल्यास प्लास्टिकसाठीचा प्रायमर, बंपरसाठीची लवचीक पुट्टी, रंग व क्लिअर लॅकरचे स्प्रे डबे.

कृती

१. चीर आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. चिखल किंवा पॉलिशचा अंश राहिला, तर सांधा कच्चा राहतो.

२. बंपर संपूर्ण उतरवण्याची गरज सहसा पडत नाही. चाकाच्या कमानीतले आणि खालच्या कडेचे स्क्रू व क्लिपा सोडवल्या की ती बाजू पुढे झुकते आणि आत हात जातो. दिव्यांच्या वायरींचे जोड आधी सोडवा. नंबरप्लेटला हात लावू नका. उच्च सुरक्षा नंबरप्लेटची कुलपे काढली की तुटतात.

३. कड वाकडी झाली असेल, तर तिच्यावर कडकडीत गरम पाणी ओता. प्लास्टिक मऊ झाले की जाड हातमोजे घालून आतून दाबून आकार द्या आणि गार पाणी ओता.

४. चीर जिथे संपते तिथे तीन मिलिमीटरचे छिद्र पाडा. त्यामुळे चीर पुढे धावत नाही. ही पायरी अनेक जण गाळतात आणि महिनाभरात चीर पुन्हा वाढते.

५. दोन्ही कडा तंतोतंत जुळवून बाहेरून चिकटपट्टी लावा. मग आतल्या बाजूने दर दोन-तीन सेंटिमीटरवर आयर्नचे टोक चिरेवरून आडवे फिरवून टाके घाला, जशी शिवणीपूर्वी कच्ची धावदोर घालतो तशी.

६. आता आतून चिरेच्या रेषेवर आयर्नने अर्ध्या जाडीइतकी खाच करा आणि पट्टी वितळवत ती भरा. पट्टी आणि बंपर दोन्ही वितळून एकमेकांत मिसळले पाहिजेत. वरवर थापलेले प्लास्टिक नखानेही निघते.

७. जाळीची दोन-तीन सेंटिमीटर रुंद पट्टी कापून चिरेवर आतून ठेवा. ती आयर्नने हळूहळू दाबा, म्हणजे तिच्या छिद्रांतून प्लास्टिक वर येईल. वरून पट्टी वितळवून जाळी झाका. सांध्याला खरी ताकद या जाळीनेच येते. अर्धा तास आपोआप निवू द्या.

८. चिकटपट्टी काढून बाहेरूनही उथळ खाच करा आणि ती भरा. उंचवटे पात्याने तासून मग पॉलिश पेपर फिरवा. जोरात घासले तर प्लास्टिकचे तंतू निघतात, म्हणून हात हलका ठेवा.

आयर्न वापरण्याची धास्ती वाटत असेल, तर दुसरा उपाय आहे. चिरेच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून सुमारे एक सेंटिमीटरवर छिद्रांच्या जोड्या पाडा आणि काळ्या केबल टायने टाके घाला. देखणे दिसत नाही, पण बंपर जागेवर राहतो. मात्र हे टाय वितळवून चिरेत भरू नका. ते नायलॉनचे असतात आणि पॉलिप्रोपिलिनशी त्यांचे जमत नाही.

रंगकाम : घाई नको

बंपर मुळातच काळा, बिनरंगी असेल तर काम इथेच संपले. रंगीत असेल तर सांध्यावर प्लास्टिकचा प्रायमर मारा. उघड्या पॉलिप्रोपिलिनवर तो नसेल तर रंगाचे पोपडे निघतात. उरलेले खळगे बंपरच्या लवचीक पुट्टीने भरा. पत्र्यावर भरायची नेहमीची लांबी इथे वापरू नका; बंपर जरा वाकला की ती तडकते. मग ३२० आणि शेवटी ६०० क्रमांकाच्या पेपरने पाणी लावून घासा.

रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावरील किंवा इंजिनाच्या कप्प्यातील पट्टीवर असतो. डबा २०-२५ सेंटिमीटर दूर धरून पातळ थर द्या. दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबा. पावसाळी, दमट दिवशी रंग मारू नका. त्यावर पांढुरकी झाक येते. जुन्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो, त्यामुळे नवा रंग कोडप्रमाणे घेऊनही किंचित वेगळा दिसणारच. शेजाऱ्यांना दहा पावलांवरून कळले नाही, तर काम उत्तम झाले म्हणायचे!

ही काळजी अवश्य घ्या

• काम मोकळ्या हवेत करा. वितळत्या प्लास्टिकच्या आणि रंगाच्या वाफा साध्या कापडी मास्कने अडत नाहीत; त्यासाठी कार्बन फिल्टरचा मास्क हवा.
• धूर निघू लागला तर प्लास्टिक वितळत नसून जळते आहे. आयर्न उचला.
• तापलेले आयर्न आणि थिनर किंवा स्प्रेचा डबा कधीही जवळजवळ ठेवू नका. मुलांना दूर ठेवा.
• लोंबणारा बंपर घेऊन महामार्गावर जाऊ नका. तो वाऱ्याने सुटून मागच्या दुचाकीस्वारावर आदळू शकतो. दुरुस्तीला वेळ असेल, तर आजच दोन केबल टाय बांधा.

दुरुस्तीनंतर बंपर पुन्हा फाटू नये म्हणून काही जण गाडीपुढे लोखंडी गार्ड बसवतात. हा मोह टाळा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डविरुद्ध कारवाई करण्याच्या सूचना राज्यांना दिल्या होत्या. त्यांच्यामुळे पादचाऱ्याला जबर इजा होते आणि टक्करीचा धक्का ठरल्याप्रमाणे शोषला न गेल्याने एअरबॅगच्या कामातही बाधा येऊ शकते.

काम झाल्यावर आठवडाभर सांध्यावर नजर ठेवा. हाताने हलके दाबून पाहा. केसासारखी रेघ दिसली, तर आतून आणखी एक जाळी चढवा. पहिल्या प्रयत्नात हात बसला नाही तरी बिघडत नाही, कारण हे प्लास्टिक पुन्हा वितळवता येते आणि पुन्हा सांधता येते. आयर्न, जाळी आणि उरलेल्या पट्ट्या एका डब्यात घालून ठेवा. मुलांचे मोडलेले खेळणे, तडा गेलेला टब किंवा स्कूटरचे फुटलेले आवरण, घरात त्यांना लवकरच काम निघेल. फक्त प्रत्येक वेळी आधी प्लास्टिकची जात पाहायला विसरू नका.