आर्थर लो : दुय्यम भूमिकांतून घडलेला ‘कॅप्टन’

ब्रिटिश विनोदाची परंपरा नायकांपेक्षा चरित्र अभिनेत्यांनी अधिक समृद्ध केली आहे. बँकेचा व्यवस्थापक, कापडदुकानदार, धर्मोपदेशक, बटलर, शाळामास्तर अशी माणसे रंगमंचावर दोन मिनिटांसाठी येतात. परंतु त्यांच्या चालण्याबोलण्यातून त्यांचा वर्ग, शिक्षण आणि मनातील न्यूनगंड प्रेक्षकाला क्षणात उमगावा लागतो. आयुष्यातील बरीच वर्षे अशाच भूमिका करून वयाच्या बावन्नाव्या वर्षी घराघरांत पोहोचलेला अभिनेता म्हणजे आर्थर लो.

लो यांचा जन्म २२ सप्टेंबर १९१५ रोजी डर्बीशायरमधील हेफिल्ड या गावी, रेल्वेत नोकरी करणाऱ्या कुटुंबात झाला. समुद्रावर जाण्याची त्यांची इच्छा अधू दृष्टीमुळे अपुरी राहिली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना मध्यपूर्वेत सैनिकांच्या करमणुकीसाठी होणाऱ्या प्रयोगांत त्यांना अभिनयाची गोडी लागली. १९४५ मध्ये मँचेस्टरच्या रेपर्टरी रंगभूमीवर त्यांनी व्यावसायिक पदार्पण केले.

रेपर्टरी ही त्या काळातील नटांची खरी शाळा होती. रात्री चालू आठवड्याच्या नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढील आठवड्याच्या नाटकाची तालीम, असा हा क्रम वर्षानुवर्षे चाले. आज म्हातारा, उद्या पोलीस अधिकारी, परवा लबाड वकील. नवे पात्र उभे करायला हाताशी जेमतेम सहा-सात दिवस असल्याने एखादी लकब किंवा आवाजातील चढउतार यांतून माणूस दाखवण्याची कला नटाला आत्मसात करावीच लागे. लो यांच्या अभिनयातील काटकसरीचे मूळ येथे आहे. पुढे लंडनच्या वेस्ट एंडमध्ये ‘कॉल मी मॅडम’, ‘पॅल जोई’, ‘द पजामा गेम’ या संगीतिकांतून त्यांनी कामे केली. ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) या गाजलेल्या चित्रपटाच्या अखेरीस काही क्षणांपुरता दिसणारा वार्ताहर म्हणजे तेच.

दूरचित्रवाणीवर त्यांना ओळख मिळाली ती १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेतून. त्यातील लिओनार्ड स्विंडली हा कापडदुकानाचा व्यवस्थापक शिष्ट, प्रतिष्ठेला जपणारा आणि ऐन लग्नाच्या वेळी वधूने नाकारलेला गृहस्थ होता. हे पात्र इतके लोकप्रिय झाले, की १९६५ मध्ये त्याच्यासाठी ‘पार्डन द एक्स्प्रेशन’ ही स्वतंत्र मालिका निघाली.

त्यानंतर आली ‘डॅड्स आर्मी’. १९४० च्या मे महिन्यात जर्मन आक्रमणाच्या भीतीने ब्रिटिश सरकारने स्वयंसेवकांचे संरक्षक दल उभारले. तेच पुढे ‘होम गार्ड’ म्हणून ओळखले गेले. सैन्यभरतीसाठी फार तरुण वा फार वृद्ध ठरलेल्यांचा त्यात मोठा भरणा होता. तरुणपणी स्वतः या दलात असलेल्या जिमी पेरी यांनी त्या आठवणींवरून मालिकेची कल्पना मांडली आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासह ती लिहिली. ३१ जुलै १९६८ ते १३ नोव्हेंबर १९७७ या काळात बीबीसीवर तिचे ८० भाग झाले. नायकाची भूमिका आधी थॉर्ली वॉल्टर्स यांना देऊ केली होती. त्यांनी नकार दिल्यावर ती अखेर लो यांच्याकडे आली.

ही भूमिका कॅप्टन मॅनरिंगची. वॉल्मिंग्टन-ऑन-सी या काल्पनिक गावातील बँकेचा हा व्यवस्थापक स्वतःच दलाचा प्रमुख होतो. मालिकेतील विनोदाचे मर्म एका उलटापालटीत आहे. कॅप्टन सामान्य घरातून कष्टाने वर आलेला, तर त्याच्या हाताखालचा सार्जंट विल्सन खानदानी, महागड्या शाळेत शिकलेला. विल्सनची भूमिका करणारे जॉन ल मेझुरिए आळसावलेल्या सभ्यतेने एखादी शंका विचारत आणि समोर लो यांच्या चेहऱ्यावर संताप, असूया आणि अपमान एकामागून एक उमटत. ब्रिटनची सारी वर्गव्यवस्था त्या दोन चेहऱ्यांमधील अंतरात दिसे.

१९७३ मधील एका भागात पकडलेला जर्मन पाणबुडीचा कप्तान एका पोरसवदा शिपायाचे नाव विचारतो. नाव मुळीच सांगू नकोस, असे मॅनरिंग त्याला बजावतो, पण ते बजावतानाच ‘पाईक’ हे त्याचे नाव स्वतःच उच्चारून बसतो. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील सर्वांत गाजलेल्या विनोदांपैकी हा एक. तो साधतो, कारण लो ते वाक्य विनोद म्हणून उच्चारत नाहीत. कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचा हुकूम म्हणूनच उच्चारतात.

मॅनरिंग केवळ हास्यास्पद असता, तर तो लवकरच विसरला गेला असता. तो फुशारकी मारतो, चुका करतो. मात्र शत्रू खरोखर आला तर हा बुटका, चष्मेवाला माणूस मागे हटणार नाही, याविषयी प्रेक्षकाला शंका राहत नाही. १९७० च्या एका भागात तो एका स्त्रीच्या प्रेमात पडतो आणि रेल्वे स्थानकावर तिचा निरोप घेतो. तेथे हसू आपोआप ओसरते. गर्विष्ठ माणसाचे एकटेपण लो यांनी कोठेही अश्रू न ढाळता दाखवले.

त्यांची चित्रपट कारकीर्दही कमी मोलाची नाही. दिग्दर्शक लिंडसे अँडरसन यांच्या ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ (१९६३), ‘इफ’ (१९६८) आणि ‘ओ लकी मॅन!’ (१९७३) या चित्रपटांत ते होते. शेवटच्या चित्रपटात त्यांनी तीन निरनिराळ्या भूमिका केल्या आणि त्यासाठी सहायक अभिनेत्याचा ‘बाफ्टा’ पुरस्कार मिळवला. लहान मुलांच्या ‘मिस्टर मेन’ या ॲनिमेशन मालिकेतील निवेदकाचा आवाजही त्यांचाच.

अखेरपर्यंत त्यांनी रंगभूमी सोडली नाही. १४ एप्रिल १९८२ रोजी दुपारी त्यांनी दूरचित्रवाणीवर थेट मुलाखत दिली आणि सायंकाळी बर्मिंगहॅमच्या अलेक्झांड्रा थिएटरमध्ये प्रयोगापूर्वी रंगपटातच ते कोसळले. दुसऱ्या दिवशी पहाटे, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मॅनरिंग पुढे इतरांनीही साकारला : २०१६ च्या चित्रपटात टोबी जोन्स यांनी, तर मूळ मालिकेतील हरवलेले तीन भाग २०१९ मध्ये नव्याने चित्रित झाले तेव्हा केव्हिन मॅकनॅली यांनी. दोघांनाही लो यांच्याशी तुलना टाळता आली नाही. मालिकेचे बाह्यचित्रण जेथे होत असे, त्या थेटफर्ड गावात २०१० मध्ये एक पुतळा उभारला गेला. तो आर्थर लो या नटाचा नसून बाकावर बसलेल्या कॅप्टन मॅनरिंगचा आहे. आयुष्यभर पात्रामागे राहिलेल्या चरित्र अभिनेत्याला याहून उचित मानवंदना ती कोणती?