फूल, फुलपाखरू आणि मावळता सूर्य

अलिबागहून कुंडलिकेची खाडी ओलांडून मुरुडकडे निघाले, की वाटेत काशीद लागते. एका बाजूस पांढऱ्या वाळूचा लांब किनारा, दुसऱ्या बाजूस डोंगर आणि त्यांच्या मागे १९८६ साली घोषित झालेले फणसाडचे अभयारण्य. सहलीला येणारे बहुतेक जण येथे समुद्राचे छायाचित्र काढतात आणि परततात. गावातल्या विद्यार्थ्याला मात्र त्याहून मोठी सवड असते. घराच्या परसात फूल आहे, फुलावर फुलपाखरू आहे आणि किनारा पश्चिमेकडे असल्याने सूर्य समुद्रातच मावळतो. हे तीन विषय आणि एक साधा कॅमेरा, मग तो मोबाइलमधला का असेना, एवढ्या सामग्रीवर प्रकाशशास्त्राचे निम्मे पाठ करता येतात. कसे ते आता पाहू.

फुलाच्या जवळ जाताना

फुलाचे छायाचित्र घेण्यासाठी आपण कॅमेरा जवळ नेतो आणि अचानक चित्र अस्पष्ट होते. असे का होते?

भिंगाचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. वस्तू जसजशी भिंगाच्या जवळ येते, तसतशी प्रतिमा भिंगापासून दूर सरकते. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घ्या. फूल १ मीटरवर असेल तर प्रतिमा भिंगापासून ५२.६ मिलिमीटरवर पडते. तेच फूल २० सेंटिमीटरवर आणले तर प्रतिमा ६६.७ मिलिमीटरवर जाते. म्हणजे दूरच्या दृश्यासाठी जुळवलेले भिंग जवळपास १७ मिलिमीटर पुढे सरकवायला हवे. पुष्कळ कॅमेऱ्यांची भिंगे तेवढी पुढे येतच नाहीत. मोबाइलच्या भिंगाचे नाभीय अंतर जेमतेम ६ मिलिमीटरच्या आसपास असते. त्याला १० सेंटिमीटरवरील फुलासाठी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी सरकावे लागते. म्हणून मोबाइल फुलाच्या जवळ सहज जाऊ शकतो.

त्याहून जवळ जायचे असेल तर शाळेतले हातभिंग कामास येते. बहिर्गोल भिंगाच्या नाभीपासून निघालेले किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात, हा नियम आठवा. आता १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे हातभिंग कॅमेऱ्यापुढे धरा आणि फूल हातभिंगापासून १० सेंटिमीटरवर ठेवा. हातभिंगातून येणारे किरण समांतर असल्याने कॅमेऱ्याला ते फूल अतिदूर आहे असेच वाटते आणि चित्र स्पष्ट येते. प्रयोगवहीतील एक आकृती येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते.

जवळून चित्र घेताना दुसरी अडचण येते. पुंकेसर स्पष्ट आले तर पाकळ्या धूसर होतात. भिंगापासून ठरावीक अंतरावरची वस्तूच अगदी नेमकी टिपली जाते. तिच्या मागे-पुढे थोड्याच जाडीचा पट्टा डोळ्याला स्पष्ट भासतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाचा कॅमेरा घेऊन फुलाची निम्म्या आकाराची प्रतिमा घेतली आणि छिद्रांक ८ ठेवला, तर हा पट्टा सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा असतो. छिद्रांक १६ केला, म्हणजे छिद्र लहान केले, की पट्टा दुप्पट होतो. पण मग प्रकाश चौथाई येतो आणि शटर चौपट वेळ उघडे ठेवावे लागते. तेवढ्यात वारा आला की फूल हलले!

वाऱ्याचाही हिशेब आहे. किनाऱ्यावर रात्री जमीन लवकर थंड होते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्राकडून खारे वारे येतात. एक वारा थांबून दुसरा सुरू होण्यापूर्वी, सकाळी, हवा बऱ्याचदा स्तब्ध असते. फुलांसाठी तीच वेळ उत्तम. मर्यादवेलीला तर दुसरी वेळ चालतच नाही. कोकणच्या वाळूत पसरणाऱ्या या वेलीची जांभळट, नरसाळ्यासारखी फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मलूल होतात. त्याच फुलाचे दर तासाला एक चित्र घ्या, म्हणजे त्याच्या आयुष्याचा आलेख तुमच्या हाती येईल.

फुलपाखरू स्थिर कसे करावे?

फुलपाखराला 'हलू नकोस' असे सांगता येत नाही. म्हणून गणित करू या. समजा, एखादे मोठे फुलपाखरू सेकंदाला १० वेळा पंख हलवते आणि प्रत्येक वेळी पंखाचे टोक १० सेंटिमीटर वर व १० सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे टोकाचा सरासरी वेग सेकंदाला २ मीटर झाला. शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडे राहिले तर तेवढ्या वेळात टोक २ सेंटिमीटर सरकेल आणि पंखाचा नुसता पुसट पट्टा उमटेल. सेकंदाचा हजारावा भाग ठेवला तरी २ मिलिमीटरची पुसटता उरतेच. उडत्या फुलपाखराचे स्वच्छ चित्र इतके दुर्मिळ का, हे आता लक्षात येईल.

मग उपाय कोणता? उपाय जीवशास्त्रात आहे. फुलपाखराच्या शरीराचे तापमान आपल्यासारखे स्थिर नसते. उडण्यासाठी लागणारे स्नायू पुरेसे तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. म्हणून थंडीच्या दिवसांत सकाळी ते पंख पसरून कोवळ्या उन्हात बसते. अशा वेळी ते बराच काळ जागचे हलत नाही. जवळ जाताना आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये, एवढे पथ्य पाळावे. सावली पडली की त्याचे ऊन जाते आणि तेही जाते.

आणखी एक युक्ती. स्पष्ट दिसणारा पट्टा काही मिलिमीटरच असतो हे आपण पाहिले. फुलपाखराचा पसरलेला पंख मात्र कित्येक सेंटिमीटर लांब असतो. कॅमेरा तिरपा धरला तर पंखाचा एखादाच भाग स्पष्ट येईल. पंखाचे प्रतल आणि कॅमेऱ्याची पाठ समांतर ठेवा, म्हणजे सगळा पंख त्या पातळ पट्ट्यात सामावेल.

महाराष्ट्राने २०१५ साली 'ब्लू मॉरमॉन' या फुलपाखराला राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला. मराठीत त्याला निलवंत म्हणतात. मखमली काळ्या पंखांवर फिकट निळे पट्टे असलेले हे मोठे फुलपाखरू कोकणातल्या बागांतही येते. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खातात. परसात लिंबाचे झाड असेल तर त्याची पाने उलटून पाहा. अळी दिसली तर ती झटकून टाकू नका, रोज तिचे एक चित्र घ्या. पूर्वी फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे जाळी, बाटली आणि टाचणी असे समीकरण होते. कॅमेऱ्याने ही गरज पुष्कळ कमी केली आहे. शिवाय फुलपाखरांच्या अनेक जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हेही ध्यानात ठेवावे.

मावळतीचा तांबडा रंग

आता किनाऱ्यावर चला. सूर्य क्षितिजाशी आला की तांबडा का होतो? हवेचे रेणू प्रकाश सगळीकडे विखुरतात. या क्रियेला विकिरण म्हणतात. तरंगलांबी जितकी कमी तितके विकिरण जास्त, आणि तेही चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, हे लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली दाखवले. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी ४५० व तांबड्याची ६५० नॅनोमीटर धरली, तर निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरतो.

स्वच्छ हवेत डोक्यावर असलेल्या सूर्याचा निळा प्रकाश या विकिरणामुळे सुमारे पाचव्या भागाने घटतो, तर तांबडा अवघ्या विसाव्या भागाने. पण क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश जवळजवळ ३८ पट हवेतून येतो. तेव्हा ०.८ चा ३८ वा घात काढा. उत्तर सुमारे ०.०००२ येईल. म्हणजे निळ्या प्रकाशाच्या दहा हजार भागांतले दोनच शिल्लक राहिले. ०.९५ चा ३८ वा घात मात्र सुमारे ०.१४ येतो, म्हणजे तांबड्याचे शंभरातले चौदा भाग पोहोचले. हिशेब ढोबळ आहे, आणि प्रत्यक्षात धूळ व बाष्प त्यात भर घालतात, पण मावळतीचा सगळा रंग या दोन आकड्यांत आहे.

हा रंग चित्रात का उतरत नाही, असे पुष्कळ जण विचारतात. कारण कॅमेरा आपणहून 'सुधारणा' करतो. तांबूस उजेड हा दोष समजून तो पांढऱ्याकडे झुकवतो आणि काळोखी वाळू उजळण्यासाठी जादा प्रकाश घेतो. रंगसंतुलन 'दिवसाचा उजेड' या खुणेवर ठेवा आणि उजळपणा थोडा कमी करा. मोबाइलवर उजळ आकाशाला बोट लावले तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसरी तक्रार असते ती सूर्याच्या आकाराची. डोळ्यांना एवढा मोठा दिसलेला सूर्य चित्रात ठिपक्याएवढा का? सूर्याचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट आहे. म्हणून त्याच्या प्रतिमेचा व्यास भिंगाच्या नाभीय अंतराच्या १०८ व्या भागाइतका असतो. ६ मिलिमीटरच्या भिंगात तो मिलिमीटरचा अठरावा भाग झाला! २०० मिलिमीटरच्या भिंगात तोच १.८५ मिलिमीटर होतो. क्षितिजावरचा सूर्य मोठा भासतो हा तर मनाचा भ्रम आहे. एकाच भिंगाने दुपारी चारला आणि मावळताना घेतलेल्या चित्रांत त्याची रुंदी मोजली, तर ती सारखीच भरते. मात्र चारचा सूर्य टिपताना सूर्यग्रहणासाठी मिळणारा खात्रीचा गाळणपडदा भिंगापुढे हवाच. तो नसेल तर हे मोजमाप चंद्रावर करावे, तोही उगवताना असाच मोठा भासतो.

मावळून गेलेला सूर्य

रुंदी सारखी भरते, पण उंची भरत नाही. मावळता सूर्य थोडा चपटा दिसतो. अंतराळातून दाट हवेत शिरताना प्रकाशकिरणांचे वक्रीभवन होते आणि सूर्य आहे त्यापेक्षा वर दिसतो. क्षितिजाजवळ ही उचल सुमारे ३४ मिनिटे, म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त असते. सूर्याचा स्वतःचा व्यास ३२ मिनिटे आहे. याचा अर्थ असा, की सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, त्या क्षणी हवा नसती तर सगळा सूर्य क्षितिजाखाली असता! खालची कड वरच्या कडेपेक्षा पाच-सहा मिनिटांनी जास्त उचलली जाते, म्हणून उंची साधारण सहाव्या भागाने कमी दिसते. लांब पल्ल्याच्या भिंगाने घेतलेल्या चित्रावर पट्टी ठेवून हे मोजता येते. नुसत्या मोबाइलवर सूर्य पंचवीस-तीस ठिपक्यांचाच असतो. त्यावर हे मोजमाप भरवशाचे नाही.

येथे एक इशारा. दुर्बिणीतून, हातभिंगातून किंवा कॅमेऱ्याच्या काचेच्या झरोक्यातून सूर्याकडे कधीही पाहू नका. भिंग कागद पेटवते ते तुम्हाला माहीत आहे. डोळ्यातील पडदा कागदाहून नाजूक असतो. चित्र पडद्यावर पाहूनच घ्यावे, आणि तेही सूर्य क्षितिजाशी मंद झाल्यावर.

दुसरा इशारा समुद्राचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये जवळच्याच मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले अनेक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. चित्राच्या नादात पाण्याकडे पाठ करून उभे राहू नये. निघण्यापूर्वी भरतीची वेळ काढावी. कोकणात त्याचे सोपे गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी पाणी वर असते. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास येते, म्हणून सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. ओली वाळू दूरवर उघडी पडते आणि तिच्यात आकाशाचे प्रतिबिंब दिसते. चित्र घ्यायला पाण्यात उतरण्याची गरजच उरत नाही.

करून पाहा

१. सूर्याची खालची कड पाण्याला टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजा. काशीदच्या अक्षांशावर तो सव्वादोन ते अडीच मिनिटांच्या दरम्यान भरायला हवा. पृथ्वीच्या परिवलनाचे हे तुमच्या हातचे मोजमाप आहे.

२. एकाच जागी उभे राहून दर महिन्याच्या २१ तारखेला सूर्यास्ताचे चित्र घ्या. चित्रात एखादे झाड किंवा खांब येऊ द्या. डिसेंबर ते जून या काळात मावळतीची जागा जवळजवळ ५० अंश उत्तरेकडे सरकलेली दिसेल.

३. घाणेरीच्या एकाच गुच्छाचे तीन-चार दिवस चित्र घ्या. पिवळी फुले पुढे रंग बदलतात. फुलपाखरे कोणत्या रंगावर जास्त बसतात त्याची नोंद ठेवा.

प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ आणि जागा वहीत लिहायला विसरू नका. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि असंख्य झाडे आडवी झाली. त्या झाडांवर आधी काय फुलत होते, कोणते फुलपाखरू येत होते, हे आज सांगायचे तर कोणाकडे तरी जुनी नोंद असायला हवी. तारीख नसलेले चित्र कितीही सुंदर असले तरी अशा वेळी मुके राहते. तारीख घातलेले साधे चित्र पुढच्या अभ्यासकाला पुरावा म्हणून पुरते. तेव्हा पहिले पान आजच उघडा. परसातले फूल वाट पाहणार नाही, दुपारपर्यंत ते मलूल होईल.