खालिद जमील

खालिद जमील (जन्म: २१ एप्रिल १९७७, कुवेत सिटी) हे भारताचे माजी फुटबॉलपटू व फुटबॉल प्रशिक्षक आहेत. खेळाडू म्हणून त्यांची बहुतेक कारकीर्द मुंबईत घडली. प्रशिक्षकपदाचा आरंभही त्यांनी मुंबईतूनच केला. २०१७ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मिझोरमच्या आयझॉल एफसी या लहानशा क्लबाने आय-लीग ही तेव्हाची देशातील सर्वोच्च साखळी स्पर्धा जिंकली. १ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांची भारतीय पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी निवड केली. सावियो मेदेरा (२०११-१२) यांच्यानंतर सुमारे तेरा वर्षांनी हे पद भारतीय व्यक्तीकडे आले.

खेळाडू म्हणून कारकीर्द

जमील यांचे आईवडील मूळचे पंजाबचे. खालिद यांचा जन्म व बालपण कुवेतमध्ये गेले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि तेथील हजारो भारतीय कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही मायदेशी परतले. ते मुंबईत स्थिरावले. १९९७ च्या सुमारास जमील महिंद्र युनायटेड या संघात दाखल झाले. पुढे ते एअर इंडियाकडून खेळले आणि २००२ मध्ये पुन्हा महिंद्र युनायटेडमध्ये आले. ते मधल्या फळीत खेळत. बचाव आणि आघाडी यांना जोडणारी ही जागा असल्याने संपूर्ण मैदानाचा अंदाज ज्याला असतो, त्यालाच ती पेलते. भारतीय संघातही त्यांना स्थान मिळाले होते.

त्या काळी मुंबईचे फुटबॉल मुख्यतः कंपन्यांच्या संघांवर उभे होते. खेळाडूला क्लबाबरोबरच नोकरीचाही आधार असे. नाव आणि पैसा मात्र कोलकात्यात होता. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या तेथील दोन मोठ्या क्लबांकडून जमील यांना विचारणा झाली होती. या क्लबांना मद्यनिर्मिती करणाऱ्या उद्योगसमूहाचे प्रायोजकत्व असल्याने त्यांनी ती नाकारली, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते.

दुखापतींनी त्यांची पाठ कधी सोडली नाही. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. मुंबईच्या क्लबाला हे विजेतेपद प्रथमच मिळत होते. संघाचे प्रशिक्षक होते गोव्याचे माजी खेळाडू डेरिक परेरा. जमील त्या वर्षांत संघात होते, परंतु ऐन उमेदीचा बराच काळ त्यांना मैदानाबाहेर काढावा लागला. २००७ मध्ये ते नव्याने स्थापन झालेल्या मुंबई एफसीकडे गेले. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे खेळणे थांबले.

मुंबई एफसी

इंग्लंडचे डेव्हिड बूथ यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई एफसीने दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये प्रवेश मिळवला होता. बूथ यांच्यानंतर २००९ मध्ये क्लबाने संघाची सूत्रे जमील यांच्याकडे सोपवली. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर कपडे बदलण्याच्या खोलीत बसायचे, त्यांनाच आज संघाबाहेर ठेवण्याचा निर्णय घ्यायचा, अशी ही जबाबदारी होती. ती त्यांनी सात हंगाम सांभाळली. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये प्रशिक्षक एका हंगामातही दोनदा बदलले जातात, हे लक्षात घेतले म्हणजे सात हंगामांचे मोल कळते.

या काळात मुंबई एफसीने एकही मोठा करंडक जिंकला नाही. क्लबाचा खर्चाचा आवाका बेताचा होता. कूपरेज मैदान उपलब्ध नसल्याने काही हंगामांत तर संघाला ‘घरचे’ सामने पुण्याला, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत खेळावे लागले. गुणतक्त्याच्या तळाशी न जाणे, म्हणजेच पुढच्या वर्षी खालच्या श्रेणीत न घसरणे, हेच दरवर्षीचे उद्दिष्ट असे व ते साध्य होई. वृत्तपत्रे अशा कामाची दखल घेत नाहीत. ‘जमील म्हणजे संघ वाचवणारा प्रशिक्षक’ एवढीच त्यांची ओळख तयार झाली.

त्यांची पद्धतही याच काळात घडली. दुबळ्या संघाने बलाढ्य संघाशी मोकळेपणाने खेळायचे ठरवले, तर बहुधा पराभवच पदरी पडतो. म्हणून बचावाची आणि मधली फळी एकमेकींजवळ ठेवायची, दोहोंमध्ये प्रतिस्पर्ध्याला फट मिळू द्यायची नाही आणि चेंडू हाती लागताच दोन-तीन वेगवान खेळाडूंनी थेट प्रतिहल्ला चढवायचा, असा हा खेळ आहे. तो डोळ्यांना फारसा सुखावत नाही, अशी टीका होते. ती अगदीच निराधार नाही. पण हाताशी असलेल्या माणसांकडून काय होऊ शकेल, याचा हिशेब त्यामागे असतो.

२०१५-१६ च्या हंगामानंतर क्लबाने त्यांना निरोप दिला.

आयझॉलचे विजेतेपद

आयझॉल एफसीची कहाणी समजण्यासाठी आधीच्या हंगामाकडे पाहावे लागते. २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये नऊ संघ होते. पुण्याचा डीएसके शिवाजियन्स हा संघ शेवटच्या स्थानी राहिला, पण थेट प्रवेश मिळालेल्या नव्या संघाला घसरणीपासून संरक्षण होते. त्यामुळे आठव्या स्थानावरील आयझॉलला खालच्या श्रेणीत जावे लागले. पुढे गोव्यातील नामांकित क्लबांनी स्पर्धेतून माघार घेतल्याने जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत घेण्यात आले. अशा, मागच्या दाराने परतलेल्या संघाचे प्रशिक्षकपद जमील यांच्याकडे आले. मुंबईहून त्यांच्यासोबत जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे खेळाडूही गेले. दोघांनाही जमील यांनी मुंबई एफसीत हाताळले होते. सीरियाचे महमूद अल-अम्ना मधल्या फळीचा आधार ठरले, गोव्याचा अल्बिनो गोम्स गोलरक्षक होता. बाकीचा कणा मात्र स्थानिक मिझो मुलांचा.

२०११ च्या जनगणनेनुसार मिझोरमची लोकसंख्या सुमारे ११ लाख, म्हणजे एकट्या पुणे जिल्ह्याच्या आठव्या हिश्शाहूनही कमी आहे. परंतु तेथे फुटबॉल गल्लोगल्ली खेळला जातो आणि सामन्याच्या दिवशी डोंगरउतारावरचे मैदान भरून जाते. जमील यांनी या उत्साहाला शिस्तीची जोड दिली.

२२ एप्रिल २०१७ रोजी आयझॉलने स्वतःच्या मैदानावर मोहन बागानला १-० असे हरवले. ८३ व्या मिनिटाला झोहमिंगलियाना राल्टे याने डोक्याने मारलेला गोल निर्णायक ठरला. ३० एप्रिलला शेवटच्या सामन्यात शिलाँग लाजाँगविरुद्ध केवळ बरोबरी हवी होती. सामना शिलाँगमध्ये होता आणि नवव्या मिनिटालाच लाजाँगने गोल केला. तिकडे कोलकात्यात मोहन बागान आपला सामना जिंकत होता. निकाल असाच राहता तर विजेतेपद हातचे गेले असते. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि सामना १-१ असा संपला. १८ सामन्यांत ११ विजय, ४ बरोबरी व ३ पराभव अशा कामगिरीतून आयझॉलचे ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातील क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या स्थानी राहून आय-लीगमधून बाहेर पडला.

कोलकाता

या यशानंतर ईस्ट बंगालने जमील यांना बोलावले. २०१७-१८ मध्ये संघ आय-लीगमध्ये चौथा आला व सुपर कपच्या अंतिम सामन्यात बंगळुरू एफसीकडून १-४ असा हरला. अन्यत्र या कामगिरीला बरी म्हटले असते; कोलकात्यात चौथे स्थान म्हणजे अपयश. जानेवारी २०१९ मध्ये ते हंगामाच्या मध्यावर मोहन बागानचे प्रशिक्षक झाले, पण तेथेही मुक्काम अल्प राहिला.

हंगामी ते कायम

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तिच्यातील मुख्य प्रशिक्षक जवळजवळ सर्वच परदेशी असत. त्यांच्या हाताखाली पात्रताधारक भारतीय साहाय्यक असे. मुख्य प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्यावर काढले की उरलेल्या सामन्यांपुरता साहाय्यक पुढे येई आणि नव्या हंगामात नवा परदेशी प्रशिक्षक दाखल होई. आशियाई महासंघाची सर्वोच्च ‘प्रो’ पात्रता मिळवलेल्या जमील यांनाही नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये साहाय्यक म्हणूनच प्रवेश मिळाला.

जानेवारी २०२१ मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक जेरार्ड नुस यांना दूर केल्यावर संघ जमील यांच्याकडे हंगामी स्वरूपात आला. तोवर संघाचे ११ सामन्यांत १२ गुण होते. उरलेल्या नऊ साखळी सामन्यांत संघ एकदाही हरला नाही. सहा विजय आणि तीन बरोबरींमुळे एकूण गुण ३३ झाले आणि संघ तिसऱ्या स्थानी पोहोचला. करोनाच्या साथीमुळे ती संपूर्ण स्पर्धा गोव्यात प्रेक्षकांविना झाली होती. उपांत्य फेरीत एटीके मोहन बागानविरुद्ध पहिला सामना १-१ असा सुटला व दुसरा १-२ असा गमावला. या लीगमध्ये संघाला बाद फेरीपर्यंत नेणारे जमील हे पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये क्लबाने त्यांना कायम केले. इंडियन सुपर लीगच्या इतिहासात भारतीय व्यक्तीची अशी ही पहिली नेमणूक होती. ही घटना घडायला सात वर्षे लागली, हे नोंदवण्यासारखे आहे. मात्र २०२१-२२ चा हंगाम अत्यंत निराशाजनक गेला. अकरा संघांत नॉर्थईस्ट दहावा राहिला.

काही काळ एफसी बंगळुरू युनायटेड या खालच्या श्रेणीतील संघाबरोबर काम केल्यानंतर डिसेंबर २०२३ च्या अखेरीस त्यांनी जमशेदपूर एफसीची जबाबदारी घेतली. पुन्हा एकदा हंगाम अर्ध्यावर आला होता आणि संघ तळाकडे झुकलेला होता. २०२४-२५ मध्ये हाच संघ ३८ गुणांसह पाचवा आला आणि बाद फेरीत त्याने नॉर्थईस्ट युनायटेडला २-० असे हरवले. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात त्याने मोहन बागानवर २-१ अशी मात केली. परतीच्या सामन्यात भरपाई वेळेत झालेल्या गोलमुळे ०-२ अशी हार पत्करावी लागली. मे २०२५ मध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाने जमशेदपूरला ३-० असे नमवले. फुटबॉल महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षे जमील यांना मिळाला.

राष्ट्रीय संघ

भारतीय फुटबॉलचा सर्वांत यशस्वी काळ देशी प्रशिक्षकाच्या हाताखाली गेला. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. अलीकडच्या काळात मात्र नेदरलँड्सचे विम कूवरमन्स, इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन, क्रोएशियाचे इगोर स्टिमाच आणि स्पेनचे मानोलो मार्केझ अशी परदेशी परंपरा सुरू होती. मार्केझ यांच्या जागी आलेल्या अर्जांतून अंतिम तिघांत जमील, कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचे श्टेफान तारकोविच यांची नावे होती.

पहिल्याच महिन्यात, ताजिकिस्तानमध्ये झालेल्या काफा नेशन्स कपसाठी मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. जमील यांनी सुनील छेत्रीलाही संघात घेतले नव्हते. तरीही भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे हरवले. इराणकडून ०-३ असा पराभव झाला, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी राहिली. ८ सप्टेंबरला तिसऱ्या स्थानासाठी ओमानविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत राहून पेनल्टी शूटआउटमध्ये भारताने ३-२ अशी बाजी मारली.

२०२७ च्या आशिया चषकाची पात्रता फेरी याहून कठीण निघाली. चार संघांच्या गटातून एकालाच प्रवेश मिळणार होता आणि जमील येण्यापूर्वीच भारताने हाँगकाँगविरुद्ध सामना गमावला होता. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरमध्ये, संदेश झिंगनला लाल कार्ड दाखवले गेल्यावर दहा जणांनिशी खेळताना, रहीम अलीच्या अखेरच्या क्षणांतील गोलमुळे १-१ अशी बरोबरी मिळाली. पाचच दिवसांनी मडगावच्या फातोर्डा मैदानावर लालियानझुआला छांगतेने भारताला आघाडी मिळवून दिली, पण सिंगापूरने सामना २-१ असा जिंकला व भारताची पात्रतेची आशा संपली. या सामन्यांसाठी छेत्रीला पुन्हा संघात घेण्यात आले होते. १८ नोव्हेंबरला ढाका येथे बांगलादेशानेही भारताला १-० असे हरवले. बांगलादेशाने भारतावर २२ वर्षांनी मिळवलेला हा विजय होता.