लक्ष्मीच्या तबकातला रुपया

गेल्या दिवाळीच्या आधी आठवडाभर आमच्या शेजारच्या वहिनी बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आल्या. डब्यात चिंच आणि रांगोळीने घासून लखलखीत केलेली नऊ-दहा नाणी होती. लक्ष्मीपूजनाच्या तबकात दरवर्षी मांडायची ती. त्यांना ती सासूबाईंकडून मिळाली होती आणि सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंकडून.

"नाना, तुम्ही चाळीस वर्षे हा उद्योग करता आहात," वहिनी म्हणाल्या, "एवढी बघा आणि खरे काय ते सांगा. भाच्याने मोबाइलवरच्या कुठल्याशा जाहिरातीला यांचे फोटो पाठवले होते. आज एकाचा फोन आला. म्हणतो, आठ लाख देतो. नोंदणीचे साडेसहा हजार तेवढे आधी पाठवा."

वहिनींच्या नातीला त्या वर्षी कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता आणि फीचा आकडा ऐकून घरात सगळ्यांची झोप उडाली होती. साडेसहा हजार कपाटातून काढून ठेवून झाले होते. मी चष्मा पुसला, भिंग काढले आणि डबा जवळ ओढला.

वाचकहो, नाण्याचे वय आणि नाण्याची किंमत यांचा संबंध आपण समजतो तितका जवळचा नसतो. शिवराईचेच पाहा. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असलेला हा तांब्याचा पैसा शिवकालानंतरही पेशवाईत ठिकठिकाणी पडत राहिला. टांकसाळी चालवण्याचे परवाने खाजगी माणसांनाही मिळत. त्यामुळे शिवराया उदंड झाल्या आणि आजही साधी शिवराई बेताच्या पैशांत मिळते. महाराजांचा सोन्याचा होन मात्र फारच थोड्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे.

तेव्हा पहिला प्रश्न, नाणी पाडली किती? कंपनी आणि नंतर राणी सरकारच्या काळात कलकत्ता व मुंबई येथील टांकसाळींनी याचे हिशेब ठेवले. पण हे आकडेही सावधपणे वाचावे लागतात. वहिनींच्या डब्यातला सर्वांत जुना रुपया राणीछाप, सन १८६२ चा. भाच्याचा सगळा जीव त्याच्यावर! परंतु १८६२ हा आकडा ठशावर गोठवलेला होता. पुढे दहा-अकरा वर्षे रुपये पडत राहिले आणि सगळ्यांवर १८६२ च राहिले. मुंबईच्या टांकसाळीने मागच्या बाजूला बारीक टिंबे टाकली, त्यांवरून जाणकार नाण्याचे खरे वर्ष ताडतात. म्हणजे १८६२ चा रुपया म्हातारा खरा, पण त्याला भावंडे फार.

दुसरा रुपया १९१८ चा, पंचम जॉर्जचा. त्या एका वर्षी दोन्ही टांकसाळींनी मिळून चाळीस कोटींहून अधिक रुपये पाडले! एवढी चांदी आली कुठून? पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा इतका खडखडाट झाला की, १९१७ च्या नोव्हेंबरात सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. लोक नोटा घेऊन रोख चांदी मागू लागले. तेव्हा १९१८ साली अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यांतल्या जवळजवळ सव्वीस कोटी डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटिशांना विकली गेली. त्या काळात आपल्या पणजीच्या गाठीला असलेल्या रुपयात एखाद्या अमेरिकन डॉलरची चांदी नसेलच, असे छातीठोकपणे कुणी सांगू नये. तिकडचे संग्राहकही यामुळे गोंधळात पडले. अमुक साली इतके डॉलर पाडले असे कागद सांगतो, पण त्यांतले किती भट्टीत गेले याचा सालवार जमाखर्च कुणीच ठेवला नव्हता.

खरी मेख इथेच आहे. किती पाडली यापेक्षा किती उरली हे मोठे.

याचा नमुना म्हणजे १९३९ चा रुपया. टांकसाळीच्या हिशेबात तो लाखांच्या संख्येत दिसतो. बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला हा शेवटचा रुपया. युद्ध सुरू झाले, लोक चांदी दडवू लागले आणि १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. मग १९४१ ते १९४३ या काळात राणीछाप, एडवर्डछाप आणि जॉर्जचे जुने कसदार रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून रद्द झाले आणि भट्टीत गेले. १९३९ चे रुपये त्यातच सापडले. त्यामुळे आज हा रुपया दिसला की लिलावात लाखांची भाषा सुरू होते. पुढे तर १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचाच निघाला. त्याला लोहचुंबक चिकटते, चांदीच्या रुपयाला चिकटत नाही. ही परीक्षा घरातले पोरसुद्धा करू शकेल.

निम्म्या चांदीच्या नाण्यांचेही पुढे तेच झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी स्वातंत्र्यानंतर आपल्याला परत करायची होती. त्यासाठी जुनी नाणी गोळा करून कलकत्त्याला अलीपूरच्या कारखान्यात त्यांतली चांदी वेगळी काढण्यात आली. अमेरिकेची चांदी एकदा रुपये होऊन आली आणि एकदा रुपये वितळून परत गेली, अशी ही गंमत आहे.

वहिनींच्या डब्यात सहाव्या जॉर्जचा एक रुपया निघाला तेव्हा क्षणभर माझाही श्वास अडकला. भिंगाखाली पाहिले. १९३८! एका वर्षाने चुकले. असे १९३८ चे रुपये घेऊन त्यांतल्या आठाचा नऊ करणारे कारागीर बाजारात आहेत, म्हणून १९३९ चा रुपया कुणी दाखवला तर शेवटचा आकडा भिंगाखाली धरल्याशिवाय विश्वास ठेवू नये. वहिनींच्या रुपयाला मात्र कुणी हात लावलेला नव्हता. वजन बरोबर एक तोळा. तोळ्याचे मापच पूर्वी रुपयावरून धरीत.

मागणीचीही एक बाजू आहे. आठव्या एडवर्डने १९३६ च्या डिसेंबरात गादी सोडली, त्यामुळे विलायतेत त्याच्या नावाची नाणी लोकांच्या हातात कधी पडलीच नाहीत. नमुन्यादाखल काढलेली एक सुवर्णमुद्रा २०२० साली दहा लाख पौंडांना गेली. त्याच राजाच्या नावाच्या कोऱ्या मात्र कच्छच्या महारावांनी भूजला पाडून घेतल्या होत्या आणि त्या रीतसर चालल्याही. आज त्यांतली एखादी आपल्यासारख्या पगारदाराला घेता येते. राजा तोच, पण एका नाण्यामागे जग लागले आहे आणि दुसऱ्यामागे आमच्यासारखे चार वेडे.

डब्याच्या तळाशी १९११ चा रुपया होता. खरे म्हणजे त्या डब्यातले मोलाचे नाणे हेच. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या झुलीवर पदकाच्या साखळीतला एक हत्ती कोरलेला होता. पण कोरणाऱ्याने सोंड आखूड केली आणि पाय असे काढले की, लोकांना ते डुक्कर वाटले. मुसलमान समाजात असंतोष पसरला. सुमारे चौऱ्याण्णव लाख रुपये पाडून झाले होते, त्यांतले सात लाखांच्या आसपास बाहेर पडले होते. बाकीचे वितळवले, ठसा सुधारला आणि १९१२ पासून हत्ती हत्तीसारखा दिसू लागला. संग्राहक याला डुकराचा रुपया म्हणतात.

मी तो रुपया उलटसुलट केला. मागच्या बाजूला साल स्वच्छ. पुढच्या बाजूला राजाचे नाक गुळगुळीत, मुकुट गुळगुळीत आणि झुलीवर जिथे प्राणी असायला हवा तिथे आरशासारखी सपाट चांदी. शंभराहून अधिक दिवाळ्यांच्या चिंच-रांगोळीने हत्तीही गेला होता आणि डुक्करही.

"म्हणजे आम्हीच घासून घालवला म्हणा ना!" वहिनी म्हणाल्या.

"भक्तीने घासलात," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार? न घासलेल्या नाण्यावरचा काळसर थर संग्राहकाला कुंकवासारखा प्रिय असतो. कान डाखवून माळेत ओवलेल्या रुपयांचीही हीच कथा.

राहता राहिले ते आठ लाखांचे नाणे. ते म्हणजे २०१२ सालचे, वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे! अशी नाणी भाजीवालीच्या गल्ल्यातही आली होती. सालाखाली बारीक चौकट असली तर मुंबईचे, तारा असला तर हैदराबादचे, टिंब असले तर नोएडाचे आणि काहीच नसले तर कोलकात्याचे नाणे, एवढे त्याच्याकडून शिकता येते. अशा खरेदीच्या नावाखाली आगाऊ शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीरपणे कळवले होते. बँकेचेच नाव सांगून पैसे उकळले जात होते.

"मग त्या फोनवाल्याला काय सांगू?"

"सांगा, तुमचे साडेसहा हजार आठ लाखांतून कापून घ्या आणि उरलेले सात लाख त्र्याण्णव हजार पाचशे पाठवा."

वहिनींनी माझ्यासमोरच फोन लावला आणि शाळेत पाढे म्हणावेत तशी ती रक्कम म्हणून दाखवली. पलीकडून फोन बंद झाला तो झालाच.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे फराळाला गेलो. तबकात तीच नाणी होती, नुसत्या पाण्याने धुऊन कोरडी केलेली, हळदकुंकवाची बोटे त्यांच्यावर न लावता शेजारच्या विड्याच्या पानावर लावलेली. सूनबाई कुरकुरत होत्या, "यंदा काही चमकत नाहीत बाई." आणि वहिनी करंज्यांचे ताट माझ्यापुढे सरकवत विचारीत होत्या, "नाना, तो अडतीसचा रुपया आता किती वर्षांनी काळा पडेल हो?"