दोन लहान कॉलेजे आणि आमची नात

आपल्या पेठेतील कित्येक घरांतील मुले पुणे, मुंबई, बंगळूर ओलांडून समुद्रापलीकडे गेली, आणि आता त्यांची मुले तेथेच कॉलेजच्या वयाची झाली आहेत. पूर्वी जो प्रश्न सांगलीच्या विलिंग्डनला घालावयाचे की पुण्याच्या फर्ग्युसनला, एवढ्यावर मिटत असे, तो आता उभ्या जन्मात न ऐकलेल्या गावांची नावे घेऊन घरात येतो. आमच्या धाकट्या चिरंजीवांची कन्या, वय वर्षे सतरा, हिच्यापुढे २०२५ च्या मार्चअखेर तो उभा राहिला. आम्ही त्या वेळी शिकागोजवळ त्यांच्याच बिऱ्हाडी होतो. आम्ही मॅट्रिक होऊन पेढीवर बसलेले. कॉलेजची पायरी चढलो नाही. तरीही या व्यवहारात आम्हांस जे दिसले, ते सभासद बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

प्रथम 'लिबरल आर्ट्स कॉलेज' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. 'आर्ट्स' हा शब्द ऐकताच, विज्ञान शाखेस गुण कमी पडलेली मुले जेथे जातात ती जागा, असे आपणांकडे वाटते. तेथे तसे नाही. पदार्थविज्ञान, गणित, अर्थशास्त्र, इतिहास, संगीत हे सर्व विषय एकाच छपराखाली शिकावयाचे, मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या सुमारास ठरवावयाचा, आणि चारही वर्षे बहुतेकांनी कॉलेजच्याच वसतिगृहात राहावयाचे, अशी ती पद्धत आहे. विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास; आठ-नऊ विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक. वर्गावर प्राध्यापक स्वतः येतात. आपल्या बोर्डिंगांत वाढलेल्या जुन्या मंडळींना यातील सहवासाचे मोल निराळे सांगावयास नको. इंटेल ही कंपनी १९६८ साली उभारणाऱ्या दोघांपैकी रॉबर्ट नॉइस हे अशाच एका कॉलेजचे १९४९ चे पदवीधर होत.

ते कॉलेज म्हणजे आयोवा राज्यातील ग्रिनेल. नातीपुढे जी दोन नावे होती, त्यांपैकी हे एक. दुसरे मिनेसोटा राज्यातील नॉर्थफील्ड गावचे कार्लटन. ग्रिनेलची स्थापना १८४६ ची, कार्लटनची १८६६ ची. पहिल्यात सुमारे सतराशे विद्यार्थी, दुसऱ्यात सुमारे दोन हजार. दोन्ही नामांकित, दोन्ही लहान गावांत, दोन्हींकडून होकार आलेला. १ मे पर्यंत एकीकडे अनामत भरून जागा पक्की करावयाची होती.

घरात दोन पक्ष पडले. चिरंजीवांचे मन कार्लटनकडे, कारण क्रमवारीच्या याद्यांत ते वर दिसे. सूनबाईंचे ग्रिनेलकडे, कारण ते मोटारीने जवळ. मुलगी गप्प! तिला विचारले की म्हणे, "दोन्ही चांगलीच आहेत, आजोबा." दोन्ही चांगली आहेत हे आम्हांसही ठाऊक होते. परंतु एकाच प्रतीच्या दोन गव्हांतही एक चपातीस बरा आणि दुसरा रव्यास बरा, असा फरक असतो. तो नावावरून कळत नाही, हातात घेऊन पाहावा लागतो. म्हणून आम्ही एवढेच सुचविले की, आठ दिवस याद्या मिटून ठेवाव्यात आणि दोन्ही ठिकाणी जाऊन यावे.

निघण्यापूर्वी दोन्हींकडून आलेली आर्थिक मदतीची पत्रे आम्ही मागून घेतली. येथे बांधवांनी विशेष लक्ष द्यावे. या कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च छापील दराने ऐंशी हजार डॉलरांच्या वर जातो. मात्र घरची मिळकत पाहून कॉलेज मदत देते, आणि पुष्कळांना छापील दर द्यावा लागत नाही. मदतीचे पत्र मोठे गोड असते. त्यात अनुदान, विद्यार्थ्याने कॉलेजात काम करून मिळवावयाची रक्कम आणि सरकारी कर्ज ही सर्व एकाखाली एक लिहून, खाली बेरीज मारून 'मदत' म्हणून दाखविण्याचा प्रघात तेथे सर्रास आहे. आपल्या आडतीत शेतकऱ्याची उचल त्याच्या पट्टीत जमेस दाखविली, तर आपण त्या दिवाणजीस दुसऱ्या दिवशी पेढीवर येऊ देणार नाही. उचल ती उचलच, फेडावीच लागते. कामाची रक्कम तर काम केल्यावर आठवड्या-पंधरवड्याने हाती येणार, आरंभीच्या बिलातून ती वजा होत नाही.

आम्ही एक कोरा कागद घेतला. एका बाजूस खरा खर्च : शिकवणी, राहणे, जेवण, आणि बिलात नसलेली पुस्तके, प्रवास, थंडीचे कपडे. दुसऱ्या बाजूस केवळ अनुदान. वजाबाकी करून जे उरले, तो खरा भाव. त्याला चारने गुणून, वर दरसालच्या वाढीचा अंदाज धरला. ग्रिनेलने २०२१ पासून आपल्या मदतीतून कर्ज काढून टाकून त्या जागी अनुदान देण्याचे धोरण ठेविले आहे. हे त्यांना परवडते, कारण त्यांचा कायम निधी दोन अब्ज डॉलरांहून अधिक आहे, आणि त्याच्या वाढीत इंटेलचे आरंभीच घेतलेले भाग हे एक कारण आहे. दुसऱ्या पत्रात कर्ज होते. पहिल्या वर्षास अशा सरकारी कर्जाची मर्यादा ५,५०० डॉलर असते; रक्कम राक्षसी नव्हे, परंतु बावीसाव्या वर्षी मुलीच्या नावावर बाकी राहणारच.

हा कागद आम्ही नातीपुढे ठेवला. चिरंजीवांना ते रुचले नाही. "आप्पा, तिच्यासमोर पैशाची गोष्ट कशाला? ते आम्ही पाहून घेऊ," असे ते म्हणाले. त्यांचे प्रेम आम्हांस समजते. पण हा विचार आम्हांस मान्य नाही. व्यापाऱ्याच्या घरातील सतरा वर्षांच्या मुलीस वही दाखवावयाची नाही, तर मग कोणास? तिच्या मागे दोन वर्षांनी धाकटा भाऊ आहे. फरकाची रक्कम आम्ही येथून भरू शकत होतो, आणि तसे तिला सांगितलेही. मात्र तीच रक्कम भावासही लागू शकेल, हेही सांगितले. कागद पाहून तिने पहिला प्रश्न विचारला तो असा : भाऊ कॉलेजात गेल्यावर मदत वाढेल का? प्रश्न अचूक होता. २०२४-२५ पासून सरकारी हिशेबात भावंडे एकाच वेळी कॉलेजात असल्याची सवलत धरली जात नाही. कॉलेजे आपल्या निधीतून काय करतील ते ज्याचे त्याने विचारावयाचे. तिने स्वतः दोन्ही कचेऱ्यांना लिहून विचारले.

मग प्रवास. नॉर्थफील्डला गव्हाच्या लापशीचा मोठा कारखाना १९२७ साली आला, आणि भाजल्या धान्याचा वास गावात येतो. आम्हांस तो घरचाच वाटला. त्याच गावी ७ सप्टेंबर १८७६ रोजी जेसी जेम्सच्या टोळीने बँकेवर दरोडा घातला. तेथील हिशेबनीस जोसेफ ली हेवुड यांनी तिजोरी उघडण्यास नकार दिला व प्राण दिले. हे गृहस्थ कार्लटन कॉलेजचेही खजिनदार होते. आमचे मन या कथेने फार ओढले गेले, हे लपविण्याचे कारण नाही. पण खजिनदाराच्या निष्ठेवरून नातीचा अभ्यासक्रम ठरवावा, असे आम्ही सुचविले नाही.

कॉलेज दाखवावयास जो हसतमुख विद्यार्थी येतो, तो पोत्याच्या तोंडाशी भरलेला माल समजावा. परखी खोल घालावयाची तर जेवणघरात जावे. नातीला आम्ही तीनच प्रश्न दिले : परवा रात्री काय करीत होतात, कोणता विषय सोडावा लागला, आजारी पडल्यावर प्रथम कोण आले. उत्तरे तिने लिहून आणली. त्यांतून जो फरक निघाला तो कोणत्याही यादीत नव्हता. कार्लटनचे वर्ष दहा-दहा आठवड्यांच्या तीन सत्रांचे. एका वेळी तीन विषय, आणि वेग असा की, तिसऱ्या आठवड्यात ताप आला तर सहावा उजाडेपर्यंत धावावे लागते. उलट नोव्हेंबरअखेर ते नववर्ष अशी लांब सुटी. भाषा, गणिती विचार, लेखन इत्यादी विषयांची बंधने आहेत. ग्रिनेलला वर्षाची दोन सत्रे, प्रत्येकात साधारण चार विषय. आणि सर्वांना सक्तीचा असा केवळ एकच वर्ग, पहिल्या सत्रातील 'ट्युटोरियल'. तो घेणारे प्राध्यापकच मुख्य विषय ठरेपर्यंत विद्यार्थ्याचे सल्लागार असतात. बाकी सर्व मुलाने त्यांच्याशी बोलून निवडावयाचे.

आमची नात सावकाश वाचणारी आहे. एखादी गोष्ट दोनदा फिरवून पाहिल्याखेरीज तिचे समाधान होत नाही. दहा आठवड्यांच्या सत्राने तिची दमछाक होईल, असे आम्हांस वाटले. तिच्या वडिलांस वाटले की, तिला तेवढ्या वेगाचीच गरज आहे. दोघेही बोललो, आणि मग आम्ही दोघांनीही गप्प बसावयाचे ठरविले. हे गप्प बसणे सोपे नव्हते. चार दिवस जेवताना कोणी कॉलेजचे नाव काढीत नसे, आणि सूनबाई हवापाण्याच्या गोष्टी करीत.

पाचव्या दिवशी सकाळी तिने सांगितले : ग्रिनेल. कारण विचारले, तर पैसे तिने दुसरे सांगितले. पहिले हे की, तेथील एका वर्गात तिला एक प्रश्न सुचला आणि तो विचारावयास तिला भीती वाटली नाही. चिरंजीवांनी एकवार क्रमवारीचा विषय काढला. नंतर त्यांनीच अनामतीची रक्कम भरली.

त्या दिवशी आणखी एक काम आम्ही तिच्याकडून करवून घेतले. नाकारलेल्या कॉलेजला तिने दोन ओळींचे आभाराचे व नकाराचे पत्र त्याच संध्याकाळी पाठविले. तिकडे प्रतीक्षा यादीवर मुले थांबलेली असतात. मुदत संपेपर्यंत जागा अडवून ठेवावयाची काही आवश्यकता नव्हती.