पडद्यावरची वाहतूक कोंडी सुटते कशी?

शहर वसविण्याचा संगणकीय खेळ खेळणाऱ्याला रस्ते आखावे लागतात, वस्त्या उभाराव्या लागतात आणि थोड्याच वेळात वाहतूक कोंडीलाही तोंड द्यावे लागते. ही कोंडी खेळाच्या निर्मात्यांनी चित्रासारखी रेखाटून ठेवलेली नसते. वाहनांना घालून दिलेल्या साध्या नियमांतून ती आपोआप उद्भवते. हे नियम ठरविताना वास्तवातले काय घ्यायचे आणि काय वगळायचे, हा अशा खेळांच्या निर्मितीतील कळीचा प्रश्न असतो.

मोटारींविना वाहतूक

या प्रकारच्या खेळांना लोकप्रियता मिळवून दिली ती विल राइट यांच्या ‘सिमसिटी’ने. १९८९ मध्ये आलेल्या या खेळातील धावत्या मोटारी हा निव्वळ देखावा होता. संगणकाची आज्ञावली वस्तीतून एक काल्पनिक फेरी रस्त्यावर सोडून पाहत असे. ठरावीक अंतरात कामाचे किंवा खरेदीचे ठिकाण सापडले, तर त्या रस्त्यांवरील वर्दळीचा आकडा वाढविला जाई. सापडले नाही, तर वस्तीच्या वाढीवर परिणाम होई. त्या काळच्या संगणकांची मर्यादित स्मरणशक्ती पाहता हजारो मोटारींची स्वतंत्र नोंद ठेवणे शक्यच नव्हते.

प्रत्येक वाहनाचा स्वतंत्र विचार केला, तर काय घडते, हे काई नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. त्यांनी रस्त्याचे साडेसात मीटर लांबीचे चौकोन पाडले आणि मोटारींना चारच नियम दिले. वेग वाढवा, पुढच्या मोटारीला धडकणार नाही इतका कमी करा, अधूनमधून विनाकारण थोडे रेंगाळा आणि पुढे सरका. एवढ्या नियमांवरही गर्दीच्या रस्त्यावर कोंडीची लाट तयार होते आणि ती मागे मागे सरकत जाते. अपघात नाही, सिग्नल नाही, तरीही वाहने खोळंबतात. महामार्गावरील अनेक चालकांना हा अनुभव परिचित असेल.

सर्वांत जवळचा रस्ता

वाहनांनी जायचे कोणत्या रस्त्याने, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी चौकांना बिंदू आणि रस्त्यांना रेषा मानले जाते. प्रत्येक रेषेला अंतर किंवा वेळेनुसार एक किंमत दिली जाते आणि सर्वांत कमी किमतीची वाट शोधली जाते. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत हा अशा शोधाचा पाया आहे.

अडचण अशी, की सगळेच जवळचा रस्ता निवडू लागले, तर तोच रस्ता तुंबतो. २०१३ च्या ‘सिमसिटी’त हे प्रकर्षाने दिसले. शेजारचा रुंद रस्ता मोकळा असतानाही मोटारी अरुंद. पण जवळच्या रस्त्यावर रांगा लावत. खेळाडूंच्या तक्रारींनंतर कंपनीला आज्ञावलीत सुधारणा करावी लागली. फिनलंडमधील कोलोसल ऑर्डर या छोट्या कंपनीच्या २०१५ मधील ‘सिटीज : स्कायलाइन्स’मध्ये नागरिकाला घर आणि नोकरी मिळाली. मात्र, एकाच वेळी धावणाऱ्या वाहनांवर १६,३८४ अशी मर्यादा होती. हजारो वाहनांचा मार्ग क्षणोक्षणी नव्याने शोधणे संगणकाला झेपणारे नसल्याने वाटेतल्या कोंडीनुसार मार्ग सहसा बदलला जात नसे.

वाहने जातात कुठे?

या खेळात फार वेळ अडकून पडलेले वाहन चक्क अदृश्य होत असे. तसे केले नाही, तर एका चौकातील कोंडी संपूर्ण शहर ठप्प करते आणि खेळ तेथेच संपतो. पार्किंगचीही अशीच सोडवणूक करण्यात आली होती. जागा न मिळालेली मोटार खेळातील नागरिक जणू खिशात घालून निघून जाई! २०१३ च्या ‘सिमसिटी’चे रचनाकार स्टोन लायब्रँड यांना खऱ्या शहरांतील वाहनतळांचे मोजमाप घेताना त्यांचा विस्तार पाहून आश्चर्य वाटले होते. तेवढी जागा दाखविली असती, तर खेळ कंटाळवाणा झाला असता. म्हणून बहुतेक वाहनतळ जमिनीखाली आहेत, असे गृहीत धरले गेले.

२०२३ मध्ये आलेल्या ‘सिटीज : स्कायलाइन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीत वेळ, खर्च, सोय आणि चालकाचा स्वभाव यांचा हिशेब करून मार्ग ठरविण्याची सोय करण्यात आली. पार्किंगचाही त्यात विचार झाला. मात्र, प्रकाशनानंतर खेळ संथ चालत असल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या.

आपल्या रस्त्यांचे काय?

या खेळांतील वाहने मार्गिकेची शिस्त पाळतात. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर दुचाकी, रिक्षा, बस आणि हातगाड्या मिळेल त्या फटीतून पुढे सरकतात. तेथे मार्गिकांवर आधारलेले नियम अपुरे पडतात. वाहनाची रुंदी आणि त्याचे आडवे सरकणेही हिशेबात धरावे लागते. आयआयटी मुंबई आणि आयआयटी मद्रास येथील संशोधकांनी अशा मिश्र वाहतुकीची प्रारूपे विकसित केली आहेत.

नियोजनासाठी वापरली जाणारी प्रारूपे आणि खेळ यांत हाच मूलभूत फरक आहे. नियोजनाचे प्रारूप रस्त्यावर प्रत्यक्ष मोजलेल्या वाहनांशी ताडून पाहावे लागते. खेळाला खेळणाऱ्याचा उत्साह टिकवायचा असतो. त्यामुळे उड्डाणपूल बांधताच पडद्यावरची कोंडी फुटली, तरी त्या मोटारी पुढे कुठे उभ्या राहणार, हा प्रश्न खेळात सहसा विचारला जात नाही. खऱ्या शहरात त्याचे उत्तर द्यावेच लागते. अन्यथा पदपथ आणि गल्ल्याच वाहनतळ होतात.