पाचवे शील आणि दवाखान्याची भाषा



दर रविवारी विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. आधी पालीत म्हणतो, मग मराठीत अर्थ म्हणतो. पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही वसई-विरारच्या आपल्या चाळींत आणि वस्त्यांत संध्याकाळी काय चालते, हे कुणी कुणाला सांगायला नको. पगाराच्या दिवशी कोणत्या बाईचा जीव दारात अडकलेला असतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

मग आपण काय करतो? जयंतीच्या भाषणात पिणाऱ्यांना नावे ठेवतो. नातेवाईक त्याला विहारात नेऊन शपथ घ्यायला लावतात. शपथेवर सुटणारे बांधव आहेत, त्यांच्या निर्धाराला मानाचा जयभीम! परंतु सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात स्थिर होत नाहीत, त्याने तिसऱ्या दिवशी शपथ मोडली की आपण म्हणतो, याला लाजच नाही. त्याला लाज असते. त्याच्याकडे औषध नसते, आणि मनातले बोलायला माणूस नसतो.

आजार म्हणून पाहा

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे. आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसला तरी उपचार मिळतो. दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० मागे एक!

उरलेले का जात नाहीत? मी कारकून माणूस, आधी हिशेब मांडतो. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहायचे म्हटले, तर रोजंदारीवरच्या माणसाचा महिना बुडाला. दिवसाला सहाशे रुपये धरले, तरी ३५ दिवसांचे २१ हजार गेले. वर नोकरीची शाश्वती नाही, आणि आजूबाजूला बोभाटा होतो तो निराळाच. म्हणून घरचे "बघू, बघू" म्हणत राहतात. इकडे रोज शंभर रुपयांची दारू धरली, तर वर्षाचे ३६,५०० रुपये बाटलीत जातात. तो हिशेब कुणी मांडत नाही.

खाटेवर न झोपता उपचार

आपल्या लोकांना एक गोष्ट फारशी माहीत नाही. प्रत्येक दारुड्याला दाखल करावे लागत नाही. पुष्कळांचा उपचार बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे ओपीडीत होतो. केसपेपर काढायचा, मानसोपचार डॉक्टरांना भेटायचे, गोळ्या घेऊन घरी यायचे.

दारू अचानक थांबवली की ६ ते २४ तासांत हातांना कंप सुटतो, घाम येतो, मळमळते, झोप उडते. हा त्रास काबूत ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टर देतात आणि काही दिवसांत कमी करत आणतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण पिणाऱ्याच्या शरीरात त्याची फार कमतरता असते आणि त्यावाचून मेंदूला इजा होऊ शकते. पुढे तलफ कमी करणारी औषधे असतात. आठवड्याला एकदा, मग पंधरा दिवसांनी, असे कित्येक महिने बोलणे चालू ठेवावे लागते. गोळ्या काही दिवसांच्या असतात, बोलणे मात्र लांबपर्यंत चालते.

पण सावधान! पूर्वी दारू सोडताना फिट आली असेल, भ्रम झाला असेल, कावीळ वा दुसरा मोठा आजार असेल, किंवा घरात लक्ष ठेवणारे कुणी नसेल, तर दाखलच व्हावे. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, ते बडबडू लागतात. घरचे म्हणतात, झपाटले, आणि भगताकडे धावतात. हा बाहेरचा प्रकार नव्हे, मेंदूची आणीबाणी आहे. अशा वेळी लिंबू-नारळात एक तासही घालवू नका, थेट इस्पितळ गाठा.

अडते कुठे? भाषेत!

आता मुख्य मुद्दा. ताप मोजायला थर्मामीटर आहे, साखर मोजायला रक्ततपासणी आहे. दारूच्या आजारात मात्र निदान आणि उपचार दोन्हींचा मोठा भाग बोलण्यावर चालतो. ते बोलणेच रुग्णाला कळले नाही तर?

साधे उदाहरण घ्या. इंग्रजी फॉर्मवर प्रश्न असतो, तुम्ही एका वेळी किती "ड्रिंक" घेता? आपला माणूस सांगतो, "एक." त्याच्या मनात असते एक क्वार्टर. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीलिटर क्वार्टरमध्ये ते सुमारे ६० ग्रॅम भरते. म्हणजे कागदावर एक, पोटात सहा! डॉक्टर म्हणणार, विशेष काही नाही, कमी करा. "किती पव्वे?" असे विचारले असते, तर खरे उत्तर मिळाले असते.

नालासोपाऱ्याच्या एका बांधवाने सांगितलेली हकीकत ऐका. ते मूळचे परभणीकडचे. बायको घरकामाला गेलेली, म्हणून चौथीतल्या मुलीला घेऊन ते एका दवाखान्यात गेले. डॉक्टर चांगले होते, पण इंग्रजी आणि तोडकी हिंदी एवढेच त्यांना येई. मुलगी इंग्रजी शाळेतली, तीच मध्ये बोलू लागली. डॉक्टरांनी विचारले, घरात मारझोड होते का? मुलीने बापाकडे पाहिले. मग बापाला न विचारताच डॉक्टरांना म्हणाली, "नो." ते बांधव पुन्हा त्या दवाखान्यात गेले नाहीत. सांगताना म्हणाले, "पोरीच्या तोंडून ऐकलं ना साहेब, ते दारूपेक्षा कडू लागलं."

आणि नुसती मराठी असूनही भागत नाही. "व्यसनाधीनता", "समुपदेशन", "पुनर्वसन" हे शब्द किती जणांच्या घरात बोलले जातात? आपल्याकडे तलफ म्हणतात, नाद म्हणतात, "अंग मागतं" म्हणतात. उपचार करणाऱ्याला हे शब्द समजले पाहिजेत.

अमेरिकेतले कामगारही हेच भोगतात

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत ४ कोटींहून अधिक लोक घरात स्पॅनिश बोलतात. मेक्सिको, प्वेर्तो रिको, मध्य अमेरिका येथून आलेली ही मंडळी शेतांत, बांधकामांवर, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत राबतात. त्यांच्या वस्त्यांतून दोन भाषांची व्यसनमुक्ती ओपीडी चालवणाऱ्या संस्था आहेत. समुपदेशकाला इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही येतात, कागद दोन्ही भाषांत असतात, गटाची बैठक स्पॅनिशमध्ये होते. मध्ये दुभाषा बसवणे ही दुसऱ्या नंबरची सोय. आपले दुखणे थेट सांगता येणे, ही पहिल्या नंबरची.

हे आपोआप झाले नाही. काळ्या बांधवांच्या लढ्यातून १९६४ चा नागरी हक्क कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने वंश, वर्ण किंवा मूळ देशावरून भेदभाव करू नये, असे त्यात आहे. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, न समजणाऱ्या भाषेत शिकवणे म्हणजे शिक्षण नाकारणे, असे मानले. २०१६ च्या आरोग्य नियमांत तर आणीबाणी सोडून लहान मुलाला दुभाषा करू नये, असे लिहिले गेले. परभणीच्या त्या मुलीची गोष्ट तिकडच्या हजारो मुलींची आहे, म्हणूनच तो नियम करावा लागला.

सोपारा ते कंदाहार

आपल्याला हे शिकायला अमेरिकेत जायला नको. आपल्या सोपाऱ्यात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याची भाषा प्राकृत, म्हणजे लोकांची. तोच अशोक अफगाणिस्तानात कंदाहारला ग्रीक आणि अरेमाइक अशा दोन भाषांत लेख कोरवतो, कारण तिथली माणसे त्या भाषा बोलत. १९५८ मध्ये सापडलेल्या त्या लेखाच्या ग्रीक भागात, ज्यांचा स्वतःवर ताबा नव्हता त्यांनी आपापल्या शक्तीप्रमाणे तो असंयम सोडला, अशा आशयाचे वाक्य आहे. संयमाची गोष्ट ज्याला सांगायची, त्याच्या भाषेत सांगायची! अमेरिकेत शिकून आलेल्या बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला "मूकनायक" काढला, तो मराठीतच.

कायदा तुमच्या बाजूने आहे

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजार त्यात धरले आहेत. उपचाराला रुग्णाची संमती घ्यायची, तर त्याला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने माहिती दिल्यावरच ती खरी संमती ठरते, अशी त्यात व्याख्या आहे. कुणाही रुग्णाला साखळीने बांधणे या कायद्याने बंद केले आहे. तेव्हा "इथे सही करा" म्हटले की विचारा, "काय लिहिलंय ते मराठीत सांगा." हे विचारणे हा तुमचा हक्क आहे.

जायचे कुठे?

महाराष्ट्रात या कामाची वाट मराठीतून घालून दिली ती पुण्याच्या मुक्तांगणने. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिले. रुग्णांच्या पत्नींसाठी तिथे "सहचरी" गट आहे, कारण आजार एकाचा असला तरी होरपळते सगळे घर. आपल्या वसईत पापडीला कृपा फाउंडेशनने काम उभे केले. फादर जो परेरा यांनी ही संस्था १९८१ मध्ये वांद्र्याला सुरू केली.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, हा दारू सोडलेल्यांचाच मेळावा. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. मुंबई परिसरात मराठी आणि हिंदीतही बैठका होतात. तिथे देवाचा उल्लेख येतो म्हणून आपले काही बांधव बिचकतात. पण "ज्याला जसा समजेल तसा", अशी तिथे मोकळीक आहे. देव न मानणारे गटाच्या शक्तीचा आधार घेतात. आपण त्याला संघ म्हणू!

ओपीडीसाठी ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मुंबईत केईएम, नायर, सायन ही रुग्णालये आहेत. फोनवरून विचारायचे तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक आहे. १४४१६ हा "टेलिमानस" क्रमांक ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्यावर २० भाषांत सोय आहे, मराठी निवडता येते.

घरच्यांनी एवढे करावे

१. चार प्रश्न विचारा. कमी करावी असे कधी वाटले का? कुणी बोलले की राग येतो का? पिण्याबद्दल मनाला खाते का? सकाळी उठल्याउठल्या लागते का? दोन उत्तरे "हो" आली, तर डॉक्टरांकडे जा. विचारताना तो शुद्धीत असावा.

२. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिरातीची पूड जेवणात घालू नका. डायसल्फिरॅम नावाचे खरे औषधही रुग्णाला सांगूनच देतात. ते पोटात असताना दारू प्यायली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो.

३. मुलांना दुभाषी करू नका. घरचे कुणी मोठे माणूस किंवा विश्वासातला शेजारी न्या.

४. पुन्हा प्यायला तर "संपलं सगळं" म्हणू नका. पुढची तारीख चुकवू नका.

५. त्याने मारझोड केली तर ती आजार म्हणून सोसू नका. उपचार त्याचा हक्क, सुरक्षितता तुमचा हक्क.

आपली मागणी

पहाटेची विरार लोकल पकडणारा माणूस सकाळी दहाच्या ओपीडीला कसा जाणार? महानगरपालिका होऊन २००९ पासून इतकी वर्षे झाली. आपली मागणी साधी आहे. आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी व्यसनमुक्तीची ओपीडी चालावी आणि तिथे मराठी-हिंदी बोलणारा समुपदेशक असावा. ही मागणी आपल्यापुरती नको. शेजारच्या खोलीतला आझमगडचा कामगार, गासची सामवेदी बोलणारी म्हातारी, पूर्वेच्या डोंगरातला वारली मजूर, यांचीही भाषा त्यात धरावी. महिला मंडळांनी निवेदनावर सह्या घ्याव्यात. शिकलेल्या तरुणांनी महिन्यातून एक दिवस काढून एखाद्या रुग्णाबरोबर दवाखान्यात जावे.

येत्या रविवारी पाचवे शील म्हणून झाले की विहाराच्या फळ्यावर १४४४६ आणि १४४१६ हे दोन क्रमांक लिहा. खाली लिहा, "मराठीत बोला." कुणीतरी कुणाला न सांगता ते टिपून घेईल.

जयभीम!